मातीची मात्रा

पंधरवड्यातून एकदा या पानावर आपली भेट होते, तेव्हा बहुधा मी वाचकांना काही ना काही सांगत असतो. आज मात्र प्रारंभी स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. ती निदानाची नव्हती, औषधाचीही नव्हती. ती मात्रेची होती.

माझ्याकडे गेली अनेक वर्षे येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब गोळीने आटोक्यात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी. तेव्हापासून सरांची साखर, झोप आणि बोलणे ही तिन्ही बिघडत गेली. एकट्यासाठी कोण भाजी निवडत बसणार, म्हणून सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी डबा आणि रात्री दूध-पोळी असा क्रम पडला. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी तपासणी नऊच्या पुढे गेली. औषधे वाढवूनही फारसा उपयोग होईना. एकदा ते सहज बोलावे तसे म्हणाले, "डॉक्टर, दिवसभरात माझ्याशी दोनच माणसं बोलतात. एक डबा आणून देणारा मुलगा, आणि महिन्यातून एकदा तुम्ही."

त्याच सुमारास शहराच्या वेशीवरील एका शेतकऱ्याने आपल्या शेताचे लहान तुकडे पाडून ते शहरातील कुटुंबांना मासिक भाड्याने द्यावयास आरंभ केल्याचे माझ्या कानी आले होते. पाणी, शेणखत आणि अवजारे शेतकऱ्याची. पेरणी, खुरपणी आणि तोडणी भाडेकरूची. मी उत्साहाने म्हणालो, "सर, एक तुकडा घ्याच. मातीत हात घाला. ताजी भाजी मिळेल, व्यायाम होईल, चार माणसं भेटतील." सरांनी आयुष्यभर कोणतीही गोष्ट अर्धवट केलेली नव्हती. ते गेले आणि एकदम दोन गुंठे घेऊन आले.

चौथ्या आठवड्यात, एप्रिलच्या एका सकाळी साडेअकराच्या सुमारास मला दूरध्वनी आला. सरांच्या खिशातल्या माझ्या चिठ्ठीवरून क्रमांक घेऊन शेतकरी बोलत होता. "डॉक्टरसाहेब, सर बांधावर बसलेत. घामानं चिंब झालेत, बोलणं बी तोतरं येतंय." साखर उतरली असणार हे उघड होते. गिळता येत आहे ना, याची खात्री करून मी त्यांना साखरपाणी द्यावयास सांगितले. तेवढ्या वेळात त्या शहाण्या माणसाने गूळ आणून ठेवला होता. अर्ध्या तासाने सर दवाखान्यात पोहोचले तेव्हा, इतके गोड पोटात जाऊनही, साखर ६४ भरली. अशा गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून सायंकाळपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागले.

कारण शोधावयास कोठे दूर जावे लागले नाही. ग्लिमेपिराइडची सकाळची गोळी घेतलेली, पोटात केवळ चहा, वर ऊन, आणि तीन तास कुदळ. गोळी लिहून देताना मी मिलिग्रॅम लिहितो, वेळ लिहितो, जेवणाआधी की जेवणानंतर हेही लिहितो. माती सुचविताना मात्र किती जमीन, किती वेळ, कोणत्या प्रहरी आणि कोणाच्या सोबतीने, यांतले काहीएक मी विचारले नव्हते.

रात्री मुलाचा परदेशातून दूरध्वनी आला. "डॉक्टर, बाबा माझं ऐकणार नाहीत. हे सगळं बंद करायला तुम्हीच सांगा." त्याची काळजी रास्त होती. परंतु त्या चार आठवड्यांत सर पहाटे पाचला आपण होऊन उठू लागले होते, हेही मला ठाऊक होते. शेती बंद केली की ते पुन्हा त्याच दोन खोल्यांत, त्याच खुर्चीत बसणार. औषध सोसले नाही तर आपण ते थांबवतो. पण पुष्कळदा दोष औषधाचा नसून मात्रेचा असतो. म्हणून इतरांनी हीच गोष्ट कशी निभावली, ते मी वाचून पाहिले.

भाड्याच्या वाफ्यांची ही रीत आपल्याकडे नवी वाटत असली, तरी युरोपात ती दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. जर्मनीत अशा बागेला आजही एका डॉक्टरांच्या नावावरून 'श्रेबरगार्टन' म्हणतात. मोरिट्झ श्रेबर हे लाइपझिगमधील वैद्य. कारखानदारीने कोंदटलेल्या शहरातील मुलांना मोकळ्या हवेत खेळावयास जागा हवी, असे ते आग्रहाने सांगत. गंमत अशी की त्यांच्या नावाची बाग त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नाही. १८६१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संस्था स्थापन करून तिला श्रेबर यांचे नाव दिले, आणि १८६५ मध्ये मुलांसाठी एक क्रीडांगण सुरू झाले. पुढे गेझेल या शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखून दिले. मुलांचा उत्साह थोड्याच काळात ओसरला आणि तण माजू लागले. तेव्हा आईवडिलांनीच खुरपी हाती घेतली. मुलांच्या वाफ्यांचे कुटुंबांचे वाफे झाले, त्यांना कुंपणे पडली, आणि एका खेळाच्या मैदानातून देशभर पसरणारी चळवळ उभी राहिली.

इंग्लंडमध्ये अशा तुकड्यांना 'अलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर मागणीनुसार अशी जमीन पुरविण्याचे दायित्व टाकले. सहा मतदारांनी वा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तरी संस्थेला तिचा विचार करावा लागतो. तेथील पूर्ण तुकडा परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा. १९२२ च्या कायद्याने त्याचा हेतूही सांगून ठेवला : तेथील पीक मुख्यतः कसणाऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी असावे. जर्मनीच्या १९८३ च्या कायद्यानुसार बाग ४०० चौरस मीटरहून, म्हणजे साधारण चार गुंठ्यांहून मोठी नसावी. तिच्यातील खोपटे २४ चौरस मीटरच्या आत असावे आणि ते कायमच्या राहण्यासाठी नसावे.

हे वाचताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पहिली अशी की दोन्ही देशांनी आकाराला मर्यादा घातली; आणि इंग्लंडमध्ये तर पूर्ण तुकडाही नोकरदारांना व वृद्धांना झेपत नाही असे दिसल्यावर अनेक ठिकाणी त्याचे अर्धे, क्वचित पाव भाग करून देण्याची पद्धत पडली. त्यामुळे प्रतीक्षायादीतील अधिक माणसांना जमीनही मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे तेथे सर्व काही लेखी असते. भाडे किती, पाणी कसे, वाफा ओस पडला तर सूचना कोणती, आणि सुधारणा न झाल्यास तो परत केव्हा घेतला जाईल, हे जमीन हाती येण्यापूर्वीच ठरलेले असते. जमीन लहान, वाटलेली आणि अटींनी बांधलेली. तिची मात्रा ती हीच.

सरांच्याच इमारतीत एक तरुण जोडपे राहते. दोघेही नोकरी करणारे, आणि सात वर्षांची मुलगी ताटातली भाजी कडेला सारणारी. तेही माझे रुग्ण. दोन्हीकडची संमती घेऊन मी त्यांची गाठ घालून दिली. दोन गुंठ्यांपैकी एक शेतकऱ्याला परत केला; उरलेल्या एकात अर्धा वाटा सरांचा, अर्धा त्या कुटुंबाचा. भाडे निम्मे निम्मे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर भेंडी, काकडी आणि मेथी लावली. सगळे सुरळीत झाले असे वाटून मी निश्चिंत झालो. ही माझी दुसरी चूक.

ऑगस्टमध्ये सरांचा रक्तदाब १७० वर गेला. गोळी चुकली नव्हती, मीठ वाढले नव्हते. बराच वेळ खोदून विचारल्यावर ते बोलले. जोडप्याला कामामुळे लागोपाठ तीन रविवार येता आले नव्हते. पावसात तण गुडघ्याएवढे झाले, आणि सरांनी दोन्ही वाट्यांची खुरपणी एकट्याने केली. चौथ्या रविवारी ती मंडळी आली आणि हौसेने सगळी मेथी उपटून घेऊन गेली. "मेथीचं काय डॉक्टर, दहा रुपयांची जुडी," सर म्हणाले, "पण निदान विचारायचं तरी!" इकडे त्या तरुणाला वाटत होते की सरांना ते काम आवडतेच, आणि मेथी तशी ठेवली तर फुलावर येऊन वाया जाईल. दोघांच्याही मनात खोट नव्हती. काय गृहीत धरावयाचे आणि काय नाही, एवढेच कधी बोलले गेले नव्हते.

त्या आठवड्यात दवाखाना संपल्यावर आम्ही चौघे बसलो आणि एका कागदावर अटी लिहिल्या. वाचकांपैकी कोणी असा वाटा घेणार असेल, तर त्यांच्या उपयोगासाठी त्या येथे देतो. कोणत्या वारी कोण जाणार, हे ठरलेले असावे; येणे शक्य नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर तिसऱ्या पाळीचे दुप्पट काम आपले. जे तयार होईल ते त्याच दिवशी तोडून समोरासमोर वाटावे. गैरहजर असणाऱ्याचा वाटा घरी पोहोचवावा. बियाणे, खत आणि भाडे यांचा हिशेब एका वहीत राहावा. कोणतीही फवारणी दोघांच्या संमतीशिवाय होऊ नये. आणि सोडावयाचे झाल्यास एक महिना आधी सांगावे. उभे पीक राहणाऱ्याचे. यांतली शेवटची अट लिहिताना सर जरा थांबले होते. "तशी वेळ यायची नाही," असे ती सुनेसारखी मुलगी म्हणाली. तरीही अट लिहिली, कारण जी वेळ येऊ नये असे वाटते तिच्यासाठीच कागद असतो.

आता वैद्यकीय मात्रेविषयी. नव्याने आरंभ करणाऱ्या कुटुंबाने पाव गुंठा, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, याहून अधिक जमीन घेऊ नये. पहिल्या वेळी मेथी, पालक, मुळा अशी लवकर येणारी पिके घ्यावीत. महिना-दीड महिन्यात हाती काही आले की उत्साह टिकतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, पहिले पंधरा दिवस अर्धा तास पुरे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम आटोपावे. खुरपताना कमरेतून वाकण्याऐवजी बुटक्या चौरंगावर बसावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी उठावे. पाण्याची एक भरलेली बादली उचलण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या भरलेल्या घ्याव्यात. ज्यांना जिना चढताना छातीत भरून येते वा दम लागतो, त्यांनी कुदळीला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी शेतात जाऊ नये. खिशात साखर वा ग्लुकोज असावे. हातपाय थरथरणे, घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काही जाणवले की काम थांबवून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि ती ७० च्या खाली असल्यास तीच मात्रा पुन्हा घ्यावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, म्हणून अनवाणी चालणे कितीही सुखद वाटले तरी बंद बूट हवेतच.

धनुर्वाताच्या लशीची वर्धक मात्रा प्रौढांनाही दर दहा वर्षांनी लागते, हे बहुतेकांच्या गावी नसते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. गमबूट घालावेत, जखम झाकावी, आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ दवडू नये. दंशाचा अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वाफा घेण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी कोठले? सांडपाण्याच्या नाल्याचे असेल, तर भाडे कितीही अल्प असो, ती जमीन नको. आणि या जागेवर पूर्वी काय होते? भंगाराचा वा जुन्या बॅटऱ्यांचा धंदा जेथे चालला, तेथील मातीत शिसे असू शकते, आणि ते धुण्याने जात नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी घरच्या पालेभाज्यांचा मारा एकाएकी वाढवू नये. त्यांतील 'के' जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. रोज साधारण सारख्याच प्रमाणात त्या खाव्यात आणि आयएनआर तपासणी वेळेवर करावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कोणती भाजी किती घ्यावी, हे विचारूनच ठरवावे.

या श्रमांचा मनाला उपयोग होतो का, असे वाचक विचारतील. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका प्रयोगात असे वाफे कसणाऱ्या ३० जणांना प्रथम ताण देणारे काम दिले. नंतर काहींनी अर्धा तास बागकाम केले, तर काहींनी घरात वाचन केले. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत घटले, पण बागकाम करणाऱ्यांत अधिक. आणि त्यांचे मनही पूर्ववत प्रसन्न झाले. माणसे थोडी होती, आणि मुळात बागेची आवड असणारीच होती. तेव्हा यावरून मोठे दावे करू नयेत. खोल नैराश्याला उपचारच लागतात, खुरपे पुरत नाही.

सरांपुरते सांगावयाचे तर सहा महिन्यांनी त्यांची एचबीएवनसी ७.६ वर आली. याचे सगळे श्रेय मी मातीला देणार नाही. मी त्यांची सकाळची गोळी बदलली होती, ते न्याहारी करू लागले होते, आणि वाट्याला आलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून संध्याकाळी स्वतः चूल पेटवीत होते. त्या लहान मुलीनेही वेलीवरून स्वतः तोडलेली काकडी खाल्ली. ती धुऊन खावी, यावर मला थोडे भांडावे लागले, एवढेच.

मागच्या भेटीत तपासणी चालू असताना सरांचा दूरध्वनी वाजला. एरवी ते दवाखान्यात तो उचलत नाहीत. त्या दिवशी मात्र "माफ करा हं, डॉक्टर," म्हणत त्यांनी घेतला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आजोबा, उद्या सकाळी सात ना? मला सोडून जाऊ नका हं!"

"नाही गं बाई, तुला सोडून कसा जाईन? टोपी घे आठवणीनं," सर म्हणाले. मग दूरध्वनी खिशात ठेवून त्यांनी पुन्हा दंड पुढे केला. त्या दिवशीचा रक्तदाब मी त्यांच्या वहीत लिहिला : १३४ वर ८२. खाली नेहमीप्रमाणे औषधे लिहिली, आणि त्यांच्या खाली, या वेळी न विसरता, असेही लिहिले : शेत — आठवड्यातून तीन वेळा, पाऊण तास, न्याहारीनंतर, सोबतीने.